पोटासाठी

कोकणातला माणूस मुंबईला का गेला, असे त्याला सहसा कुणी विचारीत नाही. आणि विचारलेच तर उत्तर ठरलेले असते. ‘पोटासाठी.’ हा शब्द उच्चारला की विचारणारा गप्प बसतो. पोटाशी कुणी वाद घालायचा? मी स्वतः हे उत्तर पन्नासहून अधिक वर्षे देत आलो. मुंबईच्या कचेरीत दिले, लग्नाच्या बैठकीत दिले, मुलाला झोपताना गोष्ट सांगावी तसे सांगितले. इतक्या वेळा सांगितले की त्यात काही खोट आहे, हे माझे मलाच आठवेनासे झाले होते. ती खोट मला दाखवून दिली दूर आयर्लंडमधल्या एका मोडक्या धक्क्याने, आणि त्या धक्क्यापाशी माझे बोट धरून उभ्या असलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या नातीने.

त्याचे असे झाले. माझा मुलगा २०११ सालापासून आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क या शहरी राहतो. तिथल्या एका औषधांच्या कारखान्यात तो नोकरीला आहे. ‘दोन वर्षांसाठी जातो’ म्हणून गेला, आणि ती दोन वर्षे अजून संपलेली नाहीत. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता महिनाभर त्याच्याकडे जाऊन राहिलो. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपल्याकडे श्रावणात सरींच्या मधून ऊन पडते तेवढाच. मात्र जून महिन्यात रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो. त्यामुळे देवापाशी दिवा केव्हा लावायचा, हा आमच्या सौभाग्यवतीपुढे मोठाच प्रश्न होऊन बसला. मुलाने आठवडाभर रजा काढली आणि म्हणाला, "बाबा, राजवाडे-बिजवाडे नकोत. आपण बंदरं बघू. तुम्ही बंदरावरचे." मला बरे वाटले. मुलगा दूर गेला की आपल्याविषयीचे काय काय त्याच्या लक्षात राहिले आहे, याचा बाप नकळत हिशेब ठेवीत असतो.

मी मालवणजवळच्या एका खेड्यातला. बंदर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे खडक, वाळू आणि सुकत घातलेली जाळी येतात. आयर्लंडची बंदरे तशी नाहीत. पुष्कळशी नद्यांच्या मुखांशी, काही तर आत, नदीच्या काठी वसलेली. दगडी धक्के, त्यांवर ओळीने घरे, आणि घरांना लाल, पिवळे, निळे असे भडक रंग. पहिल्या दिवशी आम्ही पाचजण मोटारीने निघालो. सुनेने पोळीभाजी आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी बरोबर घेतली होती. वॉटरफर्ड हे त्या देशातले सर्वांत जुने शहर. ९१४ साली उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग दर्यावर्द्यांनी ते वसविले. धक्क्यावर त्यांच्या राजाच्या नावाने ओळखला जाणारा एक गोल बुरूज आहे. तो पाहून मला सिंधुदुर्गाची आठवण व्हावी अशी मुलाची अपेक्षा होती. मला आठवण झाली ती जेवणाच्या वेळेची.

पण वॉटरफर्डपासून पंधरा मैलांवर न्यू रॉस म्हणून गाव आहे, तिथे माझी भूक गेली. बॅरो नदीच्या काठचे हे लहानसे बंदर. धक्क्याला एक तीन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज बांधून ठेवलेले असते. त्याचे नाव ‘डनब्रॉडी’. मूळ जहाज १८४५ साली कॅनडात बांधलेले. हे त्याबरहुकूम केलेले, २००१ साली पाण्यात सोडलेले. मूळ जहाजाचा धंदा सरळ होता. कॅनडातून इमारती लाकूड आणायचे, आणि जाताना रिकाम्या पोटात माणसे भरायची. त्याच १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. गरीब माणूस तिथे बटाट्यावरच जगत असे. पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि तापाने मेली, आणि त्याहून थोडी अधिकच देश सोडून गेली. १८४१ साली त्या बेटावर सुमारे ८२ लाख लोक होते. तो आकडा आयर्लंडने आजही पुन्हा गाठलेला नाही.

जहाजाच्या तळघरात उतरलो. सहा फूट लांब, सहा फूट रुंद अशा फळ्यांच्या माच्या. एका माचीवर एक कुटुंब. वर जाऊन मोकळा श्वास घ्यायचा तो दिवसातून थोडा वेळ. असा प्रवास सहा आठवडे. त्या काळचे कपडे घातलेली एक बाई येऊन आपण त्या जहाजावरची प्रवासी आहोत अशा थाटात आपली कर्मकहाणी सांगू लागली. नटीच ती, पण तिने कडेवरचे गाठोडे ज्या रीतीने धरले होते, त्यावरून सौभाग्यवतीने डोळ्यांना पदर लावला. या बंदरातून गेलेल्यांपैकी कित्येक हजार माणसे विकलो परगण्यातल्या एका जमीनदाराची कुळे होती. १८४७ पासून आठ-नऊ वर्षे त्याने ती आपल्या जमिनीवरून उठविली आणि स्वतः भाडे भरून जहाजावर चढविली. कुळे पोसण्यापेक्षा त्यांना समुद्रापार घालविणे स्वस्त पडत होते. हे सगळे लोक सुखरूप पोचले असेही नाही. क्वेबेकजवळ ग्रोस ईल नावाचे बेट आहे. तिथे १८४७ या एकाच वर्षात पाच हजारांवर माणसे पुरली गेली.

जहाज पाहून वर आल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "आपल्याकडे एस.टी. गेली तर संध्याकाळी परत तरी येते."

त्याच धक्क्यावर एक अखंड ज्योत आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या समाधीवरच्या ज्योतीपासून २०१३ साली ती पेटवून आणली. केनेडींचे पणजोबा पॅट्रिक या गावाजवळच्या एका शेतावरचे. दुष्काळाच्या त्या वर्षांतच ते बोस्टनला गेले. १९६३ च्या जूनमध्ये केनेडी इथे आले होते, तेव्हा समोरच्या काठावरच्या खतांच्या कारखान्याकडे बोट दाखवून ते म्हणाले की, पणजोबा गेले नसते तर आज मी त्या कारखान्यात कामाला असतो. लोक हसले. मलाही वाचून हसू आले. पण मागाहून मला त्या विनोदाचा थोडा त्रास झाला. गेलेल्या माणसाची बाजू त्याचा पणतू मांडतो, आणि तीही असा थोर पणतू! पॅट्रिकला यातले काय ठाऊक होते? तो बोस्टनमध्ये लाकडी पिपे बनवीत राहिला आणि १८५८ साली पटकीने मेला. आणि खरे सांगायचे तर तो उपाशी मरत होता असेही नाही. बऱ्यापैकी शेत कसणाऱ्या घरातला तो धाकटा मुलगा. शेत भावाकडे राहिले. भावाचे वंशज त्याच शेतावर राहिले, आणि अध्यक्ष आले त्या दिवशी त्यांना चहा त्यांनीच पाजला. त्यांच्या नावाची ज्योत कुणी पेटविलेली नाही. चहा करणाऱ्याची ज्योत ती चुलीतली.

परतताना यॉल या गावी थांबलो. वॉल्टर रॅली हा एलिझाबेथ राणीचा आवडता सरदार १५८८ च्या सुमारास इथला नगराध्यक्ष होता, असे सांगतात आणि ते खरेही आहे. पण मी त्या गावी उतरलो ते दुसऱ्याच कारणासाठी. १८४६ च्या सप्टेंबरात, बटाट्याचे पीक दुसऱ्यांदा बुडाले तेव्हा, या बंदरातून धान्याची जहाजे बाहेर निघाली होती, आणि ती अडवायला आसपासचे भुकेले लोक धक्क्यावर जमले. त्यांना हटवायला शिपाई आणावे लागले. पुढच्या वर्षी बाहेर गेले त्याहून जास्त धान्य देशात आले, हेही इतिहासकार सांगतात. पण त्या सप्टेंबरात उभे असलेल्यांना पुढचे वर्ष दिसत नव्हते. संध्याकाळचे शांत पाणी, बाकावर बसून आइस्क्रीम खाणारी मुले. मी तिथे उभा राहून मनात म्हटले, ‘पोटासाठी’ हा शब्द या लोकांचा. आणि मला एकदम कानकोंडे झाल्यासारखे वाटले. का, ते त्या वेळी मी स्वतःशी उलगडले नाही.

घरी आल्यावर मी मुलाजवळ या इतिहासावरचे एखादे चांगले पुस्तक मागितले. सुनेने वाचनालयातून कर्बी मिलर या अमेरिकन इतिहासकाराचा एक जाडजूड ग्रंथ आणून दिला. १९८५ साली प्रसिद्ध झालेला. देश सोडून गेलेल्या आयरिश माणसांची हजारो पत्रे या गृहस्थाने जमवून वाचली, आणि त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. आयरिश भाषेत देशांतर करणाऱ्याला जो शब्द रूढ होता तो ‘ड्योरी’. त्याचा अर्थ हद्दपार झालेला माणूस. दुष्काळात गेलेले तर हद्दपार होतेच. पण त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी, जेव्हा उपासमार उरली नव्हती, जेव्हा तरुण पोरे आणि पोरी बहिणीने पाठविलेल्या तिकिटावर, चार पैसे मिळवावे, चांगली टोपी घालावी, बापाच्या धाकातून सुटावे म्हणून जात होती, तेव्हाही ती हाच शब्द वापरीत. आम्ही गेलो नाही, आम्हांला घालविले. घरचेही तेच म्हणत. त्यात दोघांचीही सोय होती. जाणाऱ्याला स्वार्थी म्हणवून घ्यावे लागत नसे, आणि मागे राहणाऱ्याला ‘माझे पोर मला सोडून गेले’ असे म्हणावे लागत नसे.

इथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटले. नको असलेले पुस्तक बाजूला ठेवायला म्हातारपणी चष्म्याचे निमित्त पुरते.

दोन दिवसांनी आम्ही कोव्हला गेलो. कॉर्कहून आगगाडीने पंचवीस मिनिटे. व्हिक्टोरिया राणी १८४९ साली इथे उतरली म्हणून सत्तर वर्षे या गावाचे नाव क्वीन्सटाउन होते. स्वातंत्र्याच्या झगड्यात लोकांनी ते काढून टाकले. टायटॅनिक बुडण्यापूर्वी जिथे शेवटची थांबली ते हे बंदर. ११ एप्रिल १९१२ रोजी इथून १२३ माणसे तिच्यावर चढली. त्यांतली ४४ वाचली. गाव आता या एका जहाजावर पुष्कळ पैसे मिळविते, आणि त्यात मला वावगे काही दिसले नाही. दुकानात टायटॅनिकच्या आकाराचे साबणही मिळतात. मात्र कोव्हचे खरे मोठेपण किंवा दुःख, काय म्हणाल ते, त्या १२३ माणसांत नाही. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंड सोडून गेलेल्या साठ लाखांपैकी पंचवीस लाख माणसे या एका धक्क्यावरून गेली.

गावाच्या माथ्यावर भलेमोठे चर्च आहे. १८६८ साली पाया घातला आणि पुरे व्हायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. त्याच्या बांधकामाला अमेरिकेतून आणि ऑस्ट्रेलियातून पैसा आला. जी पोरे या धक्क्यावरून गेली त्यांनीच तो पाठविला. जहाज बंदराबाहेर पडताना ज्याच्याकडे वळून पाहायचे, ते शिखर त्यांच्याच पैशांनी उभे राहिले. मला आमच्या गावचे देऊळ आठवले. त्याच्या सभामंडपाच्या फरशीवर मुंबईकर मंडळींची नावे कोरलेली आहेत, माझेही आहे. गावात राहून त्या देवळात रोज झाडलोट करणाऱ्याचे नाव फरशीवर नाही. ते कोरायची पद्धत नाही.

जुन्या स्टेशनाजवळ पाण्याकडेला एका मुलीचा पुतळा आहे, शेजारी तिचे दोन धाकटे भाऊ. ही ॲनी मूर. आईबाप आधीच न्यूयॉर्कला गेलेले. १८९१ च्या डिसेंबरात ही तिघे भावंडे इथून निघाली आणि १८९२ च्या १ जानेवारीला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नवे प्रवेशद्वार उघडले तेव्हा त्यातून सर्वांत आधी आत गेली ती ॲनी. तिला तिथे दहा डॉलरचे सोन्याचे नाणे दिले. पुढे बरीच वर्षे असे समजत होते की ती पश्चिमेला टेक्सासकडे गेली. २००६ साली उघडकीला आले की ती टेक्सासची ॲनी मूर निराळीच होती. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या दाट वस्तीतल्या दोनचार गल्ल्या सोडून कधी कुठे गेलीच नाही. तिथेच तिने लग्न केले, तिथेच तिची कितीतरी मुले लहानपणी गेली, आणि १९२४ साली तीही गेली. २००८ पर्यंत तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. लोकांना गेलेल्या माणसाची गोष्ट लांबवर गेलेली हवी असते.

तिथून थोडे पुढे गेले की तो धक्का. धक्का कसला, पाण्यातून वर आलेले काळे, कुजलेले लाकडी खांब. मोठी जहाजे काठाला लागत नसत. ती बंदराच्या तोंडाशी, दूर पाण्यात उभी राहत, आणि इथून लहान आगबोटींतून माणसांना त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवीत. टायटॅनिकवर माणसे नेणाऱ्या अशा दोन बोटी होत्या. एकीचे नाव ‘आयर्लंड’ आणि दुसरीचे ‘अमेरिका’.

मी ते खांब पाहिले आणि मला मालवण दिसले. मालवणलाही आगबोट काठाशी येत नसे. खडकांच्या पलीकडे ती उभी राही आणि भोंगा देई. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, आणि लाटेवर पडाव वर आला की खलाशाने दिलेला हात धरून शिडीवर पाय टाकायचा. पावसाळ्यात बोटी बंद. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, की बोटी सुरू होत आणि गावोगावची पोरे मुंबईला निघत. १९६७ साली मी असाच निघालो.

"आजोबा," माझी नात म्हणाली. शाळेत तिला हा सगळा इतिहास नुकताच शिकविला होता. "तुम्ही पण असेच छोट्या बोटीत बसून मोठ्या बोटीत गेलात ना? तुमचे पण बटाटे संपले होते?"

मुलगा हसला. सून हसली. मी हसून ‘हो बाळ’ म्हणणार होतो. शब्द अगदी ओठांवर होते. पण समोर ते खांब होते.

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे भात होता."

तिचे समाधान झाले आणि ती आजीबरोबर पुढे गेली. मुलाचे झाले नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला, कारण लहानपणापासून त्याला मी निराळेच सांगितले होते.

भात होता. गरिबी होती, ती खोटी नव्हे. वडील मी बारा वर्षांचा असताना वारले. पण घरात भात होता, कुळीथ होते, दारात दहा-बारा माड होते, आणि थोरला भाऊ राबत होता. मी मॅट्रिक झालो तेव्हा आईच्या आग्रहावरून सहा मैलांवरच्या गावी शाळेत मास्तरकीसाठी अर्ज केला. ऑगस्टात उत्तर आले. पोस्टकार्ड होते. जागा आहे, अमुक तारखेला हजर व्हावे. ते कार्ड मी घरी नेले नाही. व्हाळावर उभा राहून त्याचे तुकडे केले आणि पाण्यात सोडले. पावसाळ्याचे दिवस, पाण्याला ओढ होती. घरी येऊन आईला म्हणालो, "काही आलं नाही. इथं आता काही होणार नाही. पोटासाठी मुंबईला जायला पाहिजे."

मला मुंबई हवी होती. नाटके पाहायची होती, रात्री दिव्यांच्या रस्त्याने हिंडायचे होते, आणि सर्वांत मुख्य म्हणजे ज्या गावात वाटेने जाताना ‘कुणाचो रे तू?’ असे कुणी विचारणार नाही अशा गावात राहायचे होते. यात लाजण्यासारखे काय होते? आज विचार करतो तर काहीच नव्हते. अठरा वर्षांच्या मुलाला दुसरे गाव हवेसे वाटावे, हा काही अपराध नव्हे. सगळेच जिथल्या तिथे राहते तर मालवणचा मालवणात आणि कॉर्कचा कॉर्कात कुजला असता. अपराध जाण्यात नव्हता. मी जायचे कारण उसने घेतले, आणि तेही न्यू रॉसच्या त्या तळघरातल्या माणसांचे.

इथवर मी यापूर्वीही कधीतरी आलो असेन. उसने कारण, तरुण वय, चालायचेच. पण कोव्हच्या धक्क्यावर मला एक निराळी गोष्ट सुचली. त्या देशात पोर अमेरिकेला निघाले की आदल्या रात्री घरी शेजारीपाजारी जमत. प्रेताजवळ जशी रात्र जागवितात तशी त्या जिवंत पोरासाठी रात्र जागवायची. गाणी, नाच, आणि पहाटेकडे बायकांचा आकांत. याला ते ‘अमेरिकन वेक’ म्हणत. मी हे वाचले तेव्हा म्हटले, खरेच आहे. गेलेला परत कुठे येणार होता? पण त्या जागरणाला आणखी एक अर्थ आहे. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्याच्यासाठी रडावे लागते. जाणाऱ्याला एकदा का मेलेल्यात जमा केले की ‘तू का चाललास?’ असे त्याला कुणी विचारायचे नाही. भुकेने नेले, देवाने नेले. राग धरायचा कुणावर?

माझ्या आईशी मी हेच केले होते. निघायच्या पहाटे तिने घावणे करून बांधून दिले. पडाव हलला तेव्हा ती पदराचे टोक दातांत धरून काठावर उभी होती. "सांभाळून रव," एवढेच म्हणाली. पुढे वीस वर्षे माझी मनीऑर्डर एक महिनाही चुकली नाही. त्या मनीऑर्डरीच्या पावत्या मी मनात जपून ठेवल्या होत्या, जणू कधीतरी कुणी त्या मागणार होते. १९८८ साली आई गेली. तेराव्याची मंडळी पांगल्यावर रात्री खळ्यात बसलो असताना भाऊ सहज बोलावे तसे बोलला, "आयेक सगळा म्हायती होता. पोस्टमनान तिका कार्ड वाचून दाखयल्यान होता." पोस्टकार्ड गावात पोचले की ते आधी पोस्टमनने वाचायचे, हे मी अठराव्या वर्षी विसरलो होतो.

म्हणजे एकवीस वर्षे तिला ठाऊक होते. ती कधी बोलली नाही. आजवर मी याला आईचे मोठे मन समजत आलो. आईचे मन मोठे असते असे म्हटले की मुलाला पुढे काही करावे लागत नाही. पण तिला राग आला नसेल काय? आला असेलच. तो राग तिने करायचा कसा? मी तिला ‘मला जायचे आहे’ असे सांगितलेच नव्हते. सांगितले असते तर ती भांडली असती, रडली असती, कदाचित मला दोन शिव्या दिल्या असत्या. कदाचित मी राहिलो असतो आणि जन्मभर तिला बोल लावीत बसलो असतो. कदाचित भांडून गेलो असतो आणि पहिल्या गणपतीला येऊन पाया पडलो असतो. काय झाले असते ते मला सांगता येत नाही. पण ते भांडण तिच्या वाट्याचे होते, आणि मी ते परस्पर व्हाळात सोडून दिले. मी तिला एकटी टाकून गेलो, हे एक. माझ्यावर रागावण्याची वाट मी बंद करून गेलो, हे दुसरे; आणि मनीऑर्डर त्या दुसऱ्याची नव्हती.

पाण्याकडेच्या बाकावर बसून मी हे सारे मुलाला सांगितले. वर चर्चमध्ये घंटा वाजत होत्या. त्या चर्चमध्ये ४९ घंटा आहेत आणि त्यांवर गाणे वाजविता येते. नात आजीला समोर उभे असलेले प्रवासी जहाज दाखवीत होती. त्यातून अमेरिकन माणसे उतरत होती, आपल्या पणजोबांचा धक्का पाहायला.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग पाण्याकडे पाहत म्हणाला, "बाबा, २०१३ साली मला पुण्याच्या ऑफिसात जागा देत होते. मीच नको म्हटलं. तुम्हांला सांगितलं होतं की कंपनी सोडत नाही."

२०१३ साली माझे हृदयाचे ऑपरेशन झाले होते. तो रोज रात्री फोन करी. ‘कंपनी सोडत नाही’ हे मी नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, दवाखान्यातल्या परिचारिकेलासुद्धा सांगितले होते. सांगताना त्याची कीव करीत होतो.

मला राग आला. वाचकांना वाटेल की एवढे सगळे बोलून झाल्यावर मी त्याच्या पाठीवर हात ठेवला असेल. मी ठेवला नाही. माझे कान तापले आणि मी उठून चालू लागलो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते, नव्हे, केलेच होते, हे त्या वेळी मला सुचले नाही. आणि सुचले असते तरी राग कमी झाला नसता. गाडीत मी खिडकीशी तोंड करून बसलो. सौभाग्यवतीने दोनदा विचारले, "तुम्हां दोघांचं काय झालं?" कुणीच उत्तर दिले नाही.

रात्री जेवायला बसलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि बाहेर अजून उजेड होता. मुलाने लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकविली. मी ती घेतली नाही. मग थोड्या वेळाने घेतली.

"त्या वेळी चार दिवस तरी येऊन जायचं होतंस," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "यायला हवं होतं."

"आईनं काय काय काढलं एकटीनं, ठाऊक आहे?"

"नाही. सांगा."

मी सांगू लागलो, आणि माझा आवाज चढला तसा सुनेने नातीला आतल्या खोलीत नेले. तो खाली मान घालून ऐकत होता. मध्ये एकदा त्यानेही आवाज चढविला. बाहेरचा उजेड जाईपर्यंत ते चालले होते. मग सौभाग्यवती उठली आणि दिवा लावायला गेली.